‘चार्ज’ कुठे कसा लागतो: एका इंग्रजी शब्दाची सगळी ओझी

भाड्याने मिळणाऱ्या पॉवर बँकेचं एक माहितीपत्रक मध्यंतरी माझ्याकडे तपासायला आलं होतं. इंग्रजीतून मराठीत केलेलं. त्यात एक ओळ होती: ‘परत करण्यास उशीर झाल्यास आपणास चार्ज केले जाईल.’ वाचणाऱ्याला वाटावं, उशीर केला तर अंगाला वायर लावून बसवतात की काय! मूळ वाक्य साधं होतं: ‘यू विल बी चार्ज्ड फॉर लेट रिटर्न.’ म्हणजे उशिरा परत केलीत तर जादा पैसे घेतले जातील. पण त्याच्या आधीच्याच ओळीत ‘चार्ज बिफोर यूज’ होतं, म्हणजे वापरण्याआधी चार्ज करून घ्या. भाषांतर करणाऱ्याने वरच्या ओळीतला अर्थ खालच्या ओळीत ओढून नेला होता.

त्याला फार दोष देता येत नाही. ‘चार्ज’ हा शब्द आपण दिवसभर वापरतो, त्यामुळे तो आपल्याला येतो असं वाटतं. फोन चार्ज करतो, डिलिव्हरी चार्ज भरतो, नवा साहेब चार्ज घेतो, पोलीस चार्जशीट दाखल करतात, कधी लाठीचार्जही करतात. पाच जागी पाच अर्थ, आणि मराठी बोलताना आपण कुठेही अडखळत नाही. अडखळतो ते इंग्रजीत वाक्य लिहिताना, किंवा इंग्रजी वाक्य मराठीत आणताना. समानार्थी शब्दांची यादी पाठ करून हे सुटत नाही, कारण ‘चार्ज’चे समानार्थी शब्द एकमेकांचे समानार्थी नाहीत. ‘फी’, ‘अक्यूज’, ‘अटॅक’ आणि ‘कस्टडी’ हे चौघेही ‘चार्ज’च्या जागी बसू शकतात, पण एकाची जागा दुसऱ्याला दिली की वाक्य कोसळतं. म्हणून इथे यादी नंतर, पद्धत आधी.

पायरी १: मूळ अर्थ धरून ठेवा

‘चार्ज’ म्हणजे मुळात ओझं. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल लादणे या अर्थाचं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमधून फिरत तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत ‘चार्ज’ म्हणून आलं. ‘कार’, ‘कॅरी’, ‘कार्गो’ ही सगळी त्याच घरातली भावंडं. ‘कॅरिकेचर’सुद्धा: इटालियनमध्ये लादणे, म्हणजे एखाद्याच्या नाकाडोळ्यांवर अतिशयोक्तीचं ओझं टाकणे.

आता या ओझ्याच्या नजरेने पाचही अर्थ बघा. खिशावर टाकलेलं ओझं म्हणजे आकार, शुल्क. खांद्यावर टाकलेलं ओझं म्हणजे जबाबदारी. नावावर टाकलेलं ओझं म्हणजे आरोप. बंदुकीत ठासलेली दारू हेही ओझंच, आणि बॅटरीत भरलेली वीजही. राहिला हल्ला. त्यात हत्यार आणि अंगाचा सगळा भार घेऊन समोरच्यावर जाणं आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मराठी माणसाला हे समजायला इंग्रजांपेक्षा सोपं जावं असं मला वाटतं, कारण आपल्या ‘भार’ने नेमका हाच प्रवास केला आहे. अधिकारी पदभार स्वीकारतो, हंगामी माणूस प्रभारी असतो, बिलावर अधिभार लागतो, विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतप्रभार असतो आणि सभेतले लोक भारावून जातात. ‘आरोप’ हा शब्दसुद्धा ‘आरोहण’च्याच धातूतून आलेला आहे. आरोहण म्हणजे चढणं, आरोप म्हणजे चढवणं. म्हणजे आरोपातही कोणावर तरी काहीतरी चढवलेलं आहेच. एवढं जुळलेलं असताना आपण ‘चार्ज’ पाठ करत बसतो, याची मला गंमत वाटते.

म्हणून वाक्यात ‘चार्ज’ दिसला की पहिला प्रश्न: कसलं ओझं, कोणावर?

पायरी २: कर्ता आणि शेपूट बघा

उत्तर ‘चार्ज’ या शब्दात सापडत नाही. ते त्याच्या पुढे-मागे असतं. पुढे म्हणजे कर्ता, कोण चार्ज करतंय. मागे म्हणजे त्याला चिकटून येणारा छोटा शब्द: फॉर, विथ, ॲट, टू, ऑफ. मी याला शेपूट म्हणतो.

आधी फक्त कर्ता बदलून पाहू.

‘द प्लंबर चार्ज्ड हिम.’ प्लंबरने त्याच्याकडून पैसे घेतले.
‘द पोलीस चार्ज्ड हिम.’ पोलिसांनी त्याच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवला.
‘द बुल चार्ज्ड हिम.’ बैल त्याच्या अंगावर धावून गेला.

क्रियापद तेच, कर्म तेच. प्लंबर आरोप ठेवू शकत नाही, बैल बिल देत नाही, एवढ्या व्यवहारज्ञानावर अर्थ ठरतो. पण कर्ता ‘दे’ असेल तर? ‘दे चार्ज्ड हिम’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. मग शेपूट लागतं.

‘दे चार्ज्ड हिम फॉर द रिपेअर.’ दुरुस्तीचे पैसे घेतले.
‘दे चार्ज्ड हिम विथ थेफ्ट.’ चोरीचा आरोप ठेवला.
‘दे चार्ज्ड ॲट हिम.’ त्याच्यावर चाल करून गेले.
‘दे चार्ज्ड इट टू हिम.’ ते त्याच्या नावावर मांडलं.

‘फॉर’ असेल तर बहुतेक वेळा पैसा. ‘ॲट’ असेल तर धावून जाणं. ‘टू’ असेल तर खातं. गोंधळ फक्त ‘विथ’चा आहे, कारण तो तीन ठिकाणी लागतो. ‘विथ’ नंतर गुन्हा आला तर आरोप: ‘चार्ज्ड विथ फ्रॉड’. काम आलं तर जबाबदारी: ‘चार्ज्ड विथ रायटिंग द रिपोर्ट’, म्हणजे अहवाल लिहिण्याचं काम तिच्याकडे सोपवलं आहे. भावना आली तर भरलेलं वातावरण: ‘अ व्हॉइस चार्ज्ड विथ अँगर’, रागाने भरलेला आवाज. दुसरा प्रकार घातक आहे. ‘द कमिटी वॉज चार्ज्ड विथ इन्व्हेस्टिगेटिंग द ॲक्सिडेंट’ याचं भाषांतर ‘समितीवर अपघाताच्या चौकशीचा आरोप’ असं झालं की संपलंच. समितीवर आरोप नाही. समितीकडे अपघाताच्या चौकशीचं काम आहे.

पायरी ३: पैशाचा चार्ज

रोजच्या वापरात सगळ्यात जास्त भेटणारा हाच, आणि समानार्थी शब्दांची गर्दीही इथेच. थोडं थांबून बघू.

‘प्राइस’ वस्तूची असते. ‘चार्ज’ सेवेचा असतो. शर्टाची ‘प्राइस’, तो शिवून देण्याचा किंवा घरी पोचवण्याचा ‘चार्ज’. म्हणून ‘व्हॉट इज द चार्ज ऑफ धिस शर्ट?’ हे कानाला खटकतं. ‘फी’ ही व्यावसायिकाच्या ज्ञानाची किंवा प्रवेशाची: डॉक्टर, वकील, शिकवणी, संग्रहालय. ‘फेअर’ फक्त प्रवासाचं भाडं, ‘रेंट’ घराचं किंवा वस्तूचं भाडं. मराठीत दोन्ही ‘भाडं’च असल्यामुळे इथे हमखास चूक होते. बसचा ‘रेंट’ म्हटलं तर तुम्ही अख्खी बस भाड्याने घेतलीत असा अर्थ होतो. ‘टोल’ रस्त्याचा किंवा पुलाचा. ‘रेट’ म्हणजे दर, तासाला इतके, किलोला इतके. ‘टॅरिफ’ म्हणजे दरपत्रक, किंवा आयात मालावरचा कर. ‘फाइन’ म्हणजे दंड, तो चूक केल्याशिवाय लागत नाही. उशीर झाल्याबद्दल कंपन्या जे घेतात त्याला मात्र बऱ्याचदा ‘लेट फी’ किंवा ‘लेट चार्ज’ म्हणतात. आतून दंडच तो, फक्त नाव सौम्य.

‘चार्ज’ आणि ‘कॉस्ट’ यांच्यातला फरक मराठीत लख्ख दिसतो. ‘त्यांनी खूप घेतले’ आणि ‘ते खूप महागात पडलं’. पहिल्यात घेणारा कर्ता आहे: ‘दे चार्ज्ड मी अ लॉट.’ दुसऱ्यात वस्तू कर्ता आहे: ‘इट कॉस्ट मी अ लॉट.’ मनात ‘घेतले’ आलं तर ‘चार्ज’, ‘पडलं’ आलं तर ‘कॉस्ट’. हा एक ताळा इतका भरवशाचा आहे की मी आजही मनातल्या मनात वापरतो.

वाक्याची बांधणीही पक्की करून टाका. आधी ज्याच्याकडून घेतले तो, मग रक्कम, मग ‘फॉर’ आणि कारण. ‘दे चार्ज्ड अस एक्स्ट्रा फॉर द सेकंड बॅग.’ दुसऱ्या बॅगेचे आमच्याकडून जादा घेतले. ‘चार्ज्ड फ्रॉम अस’ नाही. ‘आमच्याकडून’मधला ‘कडून’ आपल्याला तिकडे ओढतो, पण इंग्रजीत तिथे ‘फ्रॉम’ लागत नाही.

मराठीत आपण ‘चार्जेस’ असं अनेकवचन सरसकट करतो: चार्जेस पडतील, चार्जेस लागतात का? इंग्रजीत एकाच गोष्टीचे पैसे असतील तर एकवचन बरं. ‘इज देअर अ चार्ज फॉर पार्किंग?’ असं विचारायचं. फुकट असेल तर ‘फ्री ऑफ चार्ज’, ‘ॲट नो चार्ज’, किंवा साधं ‘फ्री’. तिन्हींचा अर्थ एक, फक्त पहिले दोन जरा कागदी.

आता ऑनलाइन व्यवहारातली दोन वाक्यं, कारण इथे अर्थ चुकला तर पैसे जातात. ‘युअर कार्ड विल नॉट बी चार्ज्ड टुडे’ म्हणजे आज कार्डावरून पैसे कापले जाणार नाहीत. ‘टुडे’वर जोर आहे. उद्या किंवा महिनाभराने कापले जाऊ शकतात. मोफत चाचणीच्या मुदतीत हे वाक्य दिसलं की त्याच्या खाली दुसरं वाक्य शोधा: ‘यू विल बी चार्ज्ड ऑटोमॅटिकली आफ्टर द ट्रायल एन्ड्स.’ म्हणजे तुम्ही बंद केलं नाहीत तर मुदत संपल्यावर आपोआप पैसे कापले जातील. इथला ‘चार्ज’ मराठीत आणताना ‘आकारणे’ हा शब्द बरोबर आहे, पण लोक बोलताना ‘पैसे कापले’ म्हणतात. ग्राहकासाठी लिहीत असाल तर ‘कापले’च लिहा. ‘शुल्क आकारणी करण्यात येईल’ हे वाचून कोणी सावध होत नाही.

‘ओव्हरचार्ज’ म्हणजे वाजवीपेक्षा जास्त घेणे, ‘सरचार्ज’ म्हणजे मूळ रकमेवर चढवलेला अधिभार. आणि ‘रीचार्ज’ हा शब्द मोबाइलमध्ये पैसे भरणे या अर्थाने आपल्याकडे घट्ट बसला असला, तरी बऱ्याच इतर देशांत त्याला ‘टॉप अप’ म्हणतात. तिथल्या माणसाला ‘माय फोन नीड्स रीचार्ज’ म्हटलंत तर तो तुमच्या हातात चार्जर ठेवेल.

पायरी ४: जबाबदारीचा चार्ज, आणि एक ‘द’

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’. मध्ये एक ‘द’ आला की नातं उलटतं.

‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन.’ मुलं नर्सच्या ताब्यात आहेत, सांभाळणारी नर्स.
‘द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ द नर्स.’ मुलं नर्सच्या हवाली आहेत. इथेही सांभाळणारी नर्सच, पण वाक्य मुलांपासून सुरू झालंय.

दुसऱ्या वाक्यातला ‘द’ गाळला तर मुलं नर्सवर देखरेख करायला लागतात. हा ‘द’ मी स्वतः एकदा गाळला होता, एका अर्जाच्या भाषांतरात. त्यात कंपनीची कागदपत्रं एका कारकुनाच्या ताब्यात असल्याचं लिहायचं होतं. माझ्या वाक्यात कागदपत्रंच कारकुनाची साहेब झाली होती. पकडलं ते सुदैवाने पाठवण्याआधी.

‘इनचार्ज’ हे नाम आपल्याकडे सर्रास चालतं: विभागाचे इनचार्ज, इनचार्जची सही. भारतीय इंग्रजीतही चालतं. बाहेरच्या माणसाला लिहिताना मात्र ‘हू इज द इनचार्ज?’ ऐवजी ‘हू इज इन चार्ज?’ लिहा, आणि नामच हवं असेल तर ‘द पर्सन इन चार्ज’. तीच गोष्ट ‘हँडिंग ओव्हर चार्ज’ची. कार्यभार सोपवणे या अर्थाने आपल्या कचेऱ्यांत ते रोजचं आहे, इतरत्र ‘हँडओव्हर’ म्हटलेलं लवकर कळतं.

‘टेक चार्ज’ जगभर चालतं, पण त्याला दोन रंग आहेत. पदाची सूत्रं हाती घेणं हा एक. दुसरा रंग जास्त बोलका: सगळे गोंधळलेले असताना एकजण पुढे होऊन कारभार हातात घेतो, तोही ‘टेक्स चार्ज’. त्याला पद असण्याची गरज नाही. मराठीत पहिल्यासाठी ‘सूत्रं स्वीकारली’ आणि दुसऱ्यासाठी ‘पुढाकार घेतला’ हे वेगळे ठेवावेत.

इथले समानार्थी शब्द: ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ सगळ्यात मोकळा शब्द, ‘केअर’मध्ये माया आहे, ‘कस्टडी’मध्ये कायदा आणि कुलूप, ‘कंट्रोल’मध्ये लगाम, ‘सुपरव्हिजन’मध्ये नुसती देखरेख. मूल ‘केअर’मध्ये असतं, आरोपी ‘कस्टडी’त.

आणि एक अर्थ, जो आपल्याला पुस्तकातच भेटतो आणि हमखास फसवतो. ‘चार्ज’ म्हणजे सांभाळायला दिलेली व्यक्ती. ‘द टीचर टुक हर यंग चार्जेस टू द पार्क.’ बाईंनी आपल्या छोट्या मुलांना बागेत नेलं. इथे शुल्कही नाही, आरोपही नाही. ज्यांचं ओझं बाईंवर आहे ती मुलं.

पायरी ५: आरोपाचा चार्ज

आरोप कोणीही करू शकतो. शेजारी, बायको, विरोधी पक्ष. तो ‘अक्यूज’. पण कायद्याच्या अर्थाने ‘चार्ज’ करतं ते अधिकार असलेलं कोणीतरी: पोलीस, सरकारी वकील, न्यायालय. म्हणून ‘माय ब्रदर चार्ज्ड मी विथ ईटिंग हिज चॉकलेट’ हे विनोदी वाक्य आहे. भाऊ फार तर ‘अक्यूज’ करील.

शेपटांकडे इथे डोळ्यांत तेल घालून बघा, परीक्षांत नेमकं हेच विचारतात. ‘चार्ज विथ’, ‘अक्यूज ऑफ’, ‘ब्लेम फॉर’, ‘सस्पेक्ट ऑफ’, ‘कन्व्हिक्ट ऑफ’. ‘चार्ज्ड ऑफ मर्डर’ चूक. पण ‘चार्ज’ नाम असेल तर मात्र ‘ऑफ’च: ‘अरेस्टेड ऑन अ चार्ज ऑफ मर्डर’. क्रियापदाला ‘विथ’, नामाला ‘ऑफ’. ‘अलेज’ या सगळ्यांपेक्षा वेगळा चालतो. त्याच्यामागे माणूस येत नाही, अख्खं विधान येतं: ‘दे अलेज दॅट ही लाइड.’ तो खोटं बोलला असा त्यांचा आरोप आहे.

यापुढचं बातम्या वाचताना उपयोगी. ‘चार्ज्ड’ म्हणजे आरोप ठेवला, ‘कन्व्हिक्टेड’ म्हणजे दोषी ठरवलं. दोन्हींच्या मध्ये खटला उभा असतो. ‘प्रेस चार्जेस’ म्हणजे रीतसर तक्रार लावून धरणे, ‘ड्रॉप द चार्जेस’ म्हणजे आरोप मागे घेणे, ‘फेस चार्जेस’ म्हणजे आरोपांना सामोरं जाणे. आपल्याकडे ‘चार्जशीट’ म्हणजे तपासानंतर पोलीस न्यायालयात देतात ते दोषारोपपत्र. ‘फ्रेमिंग ऑफ चार्जेस’ म्हणजे आरोपनिश्चिती, ती नंतर न्यायालय करतं. या दोन पायऱ्या एकच समजून लिहिलेल्या बातम्या मी पाहिल्या आहेत. ‘ही वॉज चार्जशीटेड’ हे क्रियापद आपल्या वर्तमानपत्रांचं घरगुती आहे, बाहेर पाठवायच्या मजकुरात टाळा.

न्यायालयाबाहेरही हा अर्थ सौम्य होऊन फिरतो. ‘द चार्ज दॅट द फिल्म इज टू लाँग इज अनफेअर’, चित्रपट फार लांबला हा आक्षेप रास्त नाही. अशा ठिकाणी मराठीत ‘आरोप’ नको, ‘आक्षेप’ घ्या.

पायरी ६: विजेचा चार्ज

अठराव्या शतकात काचेच्या बरणीत वीज साठवता येऊ लागली. लायडेन जार म्हणतात ती. बंदुकीत दारू भरावी तशी बरणीत वीज भरायची, म्हणून तोच ‘चार्ज’ तिथेही लागू पडला. बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास विजेला धन आणि ऋण अशी नावं दिली. अशा बऱ्याच बरण्या एकत्र जोडल्यावर त्या संचाला त्याने ‘बॅटरी’ म्हटलं. हा शब्द तोफांच्या रांगेसाठी आधीपासून होता. म्हणजे तुमच्या फोनची बॅटरी आणि चार्ज, दोन्ही शब्द तोफखान्यातून आलेले आहेत.

फोनवर ५००० एमएएच असं लिहिलेलं असतं, ते मोजमाप खरं तर चार्जचंच. मिलिॲम्पियर गुणिले तास. हिशेब केला तर १८,००० कूलॉम होतात, आणि कूलॉम हे विद्युतप्रभाराचं एकक. भौतिकशास्त्रात ‘चार्ज’ला ‘भार’ न म्हणता ‘प्रभार’ म्हटलेलं मला पसंत आहे, कारण ‘भार’ विजेच्या ‘लोड’साठी आधीच अडकलेला आहे. भारनियमन तर आपण सगळ्यांनी भोगलंय.

आता रोजची चूक. ‘माझ्या फोनला चार्जिंग नाही.’ मराठीत हे वाक्य इतकं रुळलंय की त्याला हात लावायचं कारण नाही. इंग्रजीत मात्र ‘माय फोन हॅज नो चार्जिंग’ चालत नाही, कारण ‘चार्जिंग’ ही क्रिया आहे, आत शिल्लक राहणारी वस्तू नव्हे. म्हणायचं: ‘माय फोन इज आउट ऑफ बॅटरी’, किंवा ‘माय बॅटरी इज डेड’. कमी असेल तर ‘माय बॅटरी इज लो’. ‘फोन चार्जिंगला लाव’ यासाठी ‘प्लग इन द फोन’ किंवा ‘पुट द फोन ऑन चार्ज’, दुसरं जास्त ब्रिटिश. ‘पुट इट ऑन चार्जिंग’ नको. लावून ठेवलाय हे सांगताना मात्र ‘चार्जिंग’ बरोबर: ‘इट इज चार्जिंग.’

पायरी ७: हल्ल्याचा चार्ज

हा पटकन संपेल. ‘चार्ज’ हा कुठलाही हल्ला नाही. तो समोरून, सरळ रेषेत, वेगाने केलेला हल्ला. दबा धरून बसलेला वाघ ‘चार्ज’ करत नाही, तो ‘पाउन्स’ करतो म्हणजे झेप घेतो. गेंडा, हत्ती, बैल ‘चार्ज’ करतात. घोडदळही करायचं. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियाच्या युद्धात बालाक्लावा इथे ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाने चुकीच्या हुकमावरून रशियन तोफांवर केलेली धडक इतिहासात ‘चार्ज’ या नावानेच ओळखली जाते. लढाईच्या घोड्याला तेव्हा ‘चार्जर’ म्हणत. जुन्या कादंबरीत सरदार ‘चार्जर’वर बसला तर बिचकू नका.

हल्ल्याचा हेतू नसतानाही हे क्रियापद वापरतात: ‘शी चार्ज्ड इनटू द रूम’, ती तणतणत खोलीत घुसली. क्रिकेटमध्ये पुढे सरसावून फिरकीला भिडणारा फलंदाज ‘चार्जेस डाउन द पिच’. आणि लाठीचार्जला मराठीत ‘लाठीमार’ हा सुटसुटीत शब्द आहे. त्याच्याआधी ‘सौम्य’ लावण्याची पद्धत कोणी पाडली असेल त्याने एकदा ती लाठी खाऊन पाहावी.

पायरी ८: ओझं उतरवून बघा

‘डिस्चार्ज’ म्हणजे ओझं उतरवणं. बॅटरी डिस्चार्ज होते, रुग्णाला डिस्चार्ज मिळतो, बंदूक डिस्चार्ज होते म्हणजे सुटते, जखमेतून डिस्चार्ज येतो म्हणजे स्राव. इतपत सरळ आहे. फसवतं ते ‘डिस्चार्ज युअर ड्यूटीज’. ऐकताना वाटतं, कर्तव्यातून मोकळं केलं. अर्थ नेमका उलट: कर्तव्य पार पाडणं. ओझं टाकून देऊन नव्हे, मुक्कामी पोचवून उतरवायचं. ‘ही डिस्चार्ज्ड हिज ड्यूटीज वेल’ हे नोकरीच्या दाखल्यात कौतुक आहे. ‘ही वॉज डिस्चार्ज्ड फ्रॉम हिज ड्यूटीज’ म्हणजे त्याला कामावरून कमी केलं. एक ‘वॉज’ आणि एक ‘फ्रॉम’ यांच्यात माणसाची नोकरी जाते.

न्यायालयातला ‘डिस्चार्ज’ म्हणजे खटला उभा राहण्याआधीच आरोपमुक्त करणं. खटला चालून निर्दोष सुटणं म्हणजे ‘अक्विटल’. बातमीत ‘निर्दोष मुक्तता’ लिहिण्याआधी दोहोंपैकी काय झालं ते पाहून घ्यावं.

पायरी ९: बदलून बघा

समानार्थी शब्दांचा कोश उघडायची वेळ आता. कोशात ‘चार्ज’खाली प्राइस, अक्यूज, अटॅक, ड्यूटी, सगळी एका रांगेत उभी असतात. आधीच्या पायऱ्यांनी अर्थ ठरवा, मग त्या अर्थाचाच शब्द उचला, वाक्यात ‘चार्ज’च्या जागी ठेवा आणि शेपूट बदलायला विसरू नका. ‘चार्ज्ड विथ’च्या जागी ‘अक्यूज्ड’ आला की ‘विथ’ जाऊन ‘ऑफ’ आलाच पाहिजे. निम्म्या चुका इथे होतात: शब्द नवा, शेपूट जुनं.

हाताला वळण लागावं म्हणून तीन वाक्यं घ्या. उत्तर वाचण्याआधी स्वतः मराठी करून पाहा.

‘वी वोन्ट चार्ज यू इफ यू कॅन्सल टुडे.’ आज रद्द केलंत तर पैसे घेणार नाही. ‘फॉर’ नाही, पण ‘कॅन्सल’ने दिशा दाखवली.

‘द ॲटमॉस्फिअर वॉज चार्ज्ड.’ वातावरण तापलं होतं. ‘विथ’ गळालेला आहे, तरी वातावरणावर खटला भरता येत नाही आणि त्याच्याकडून पैसेही घेता येत नाहीत, तेव्हा भावना उरते.

‘द नर्स इन चार्ज चार्ज्ड हर फोन, हँडेड ओव्हर हर चार्जेस अँड लेफ्ट.’ प्रमुख नर्सने आपला फोन चार्ज केला, आपल्याकडची मुलं दुसरीच्या हवाली केली आणि ती निघाली. मुलांच्या ठिकाणी रुग्णही असतील, ते मागच्या-पुढच्या मजकुरावरून कळेल. पण आपल्या कचेरीत वाढलेला माणूस हे वाचताना हमखास ‘कार्यभार सोपवला’ असं म्हणून जातो. तसं असतं तर वाक्यात ‘हर’ही आला नसता आणि शेवटचा ‘एस’ही. ‘हँडेड ओव्हर चार्ज’ म्हणजे पदभार, ‘हँडेड ओव्हर हर चार्जेस’ म्हणजे चालतीबोलती माणसं.